पॅरानॉर्मल कोझी रहस्यकथा

खुनाचा शोध हा विषय असूनही रक्तपात व क्रौर्य यांना पडद्याआड ठेवणाऱ्या, लहानशा गावात घडणाऱ्या आणि पोलिसांऐवजी एखाद्या हौशी शोधकाने उलगडलेल्या इंग्रजी रहस्यकथेला ‘कोझी’ म्हणतात. तिच्यात भूत, चेटूक, अतींद्रिय शक्ती किंवा जादूचे मांजर यांपैकी एखादा अलौकिक घटक आला की ‘पॅरानॉर्मल कोझी’ हा उपप्रकार तयार होतो. ‘कोझी’ म्हणजे ऊबदार. चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालतात त्या लोकरी टोपडीलाही इंग्रजीत हेच नाव आहे, आणि या कथांच्या वातावरणाची कल्पना त्या टोपडीवरून नेमकी येते. हा उपप्रकार प्रामुख्याने अमेरिकेत, २००० नंतरच्या काळात बहरला.

या कथेचे कूळ दोन महायुद्धांमधल्या ब्रिटिश रहस्यकथेत सापडते. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० मध्ये प्रथम कादंबरीत आली. विणकाम करता करता सेंट मेरी मीड या खेड्यातील माणसांचे स्वभाव निरखणारी ही वृद्ध स्त्री पुढच्या सगळ्या हौशी शोधिकांची आजी ठरली. त्याच काळातील रहस्यकथेने अलौकिकाला मात्र दार बंद केले होते. कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या लेखनाचे दहा नियम मांडले. त्यांतील दुसऱ्या नियमाने अलौकिक शक्तींना सरसकट मज्जाव केला, कारण अशा शक्तीने कोडे सोडवणे म्हणजे नदीवरच्या शर्यतीत होडीला लपवून इंजिन जोडण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९३० मध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या ब्रिटिश रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या सदस्यांनाही दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा मंत्रतंत्र यांच्या आधारे गुन्ह्याची उकल करणार नाही, अशी शपथ घ्यावी लागे. या कडक सोवळ्यामागे वाचकाविषयीचा आदर होता. कथेतील शोधकाला जे धागेदोरे मिळतात ते वाचकालाही मिळाले पाहिजेत आणि दोघांनी बरोबरीने डोके चालवले पाहिजे, हा तो आग्रह होय.

पॅरानॉर्मल कोझीने हा नियम मोडला असे सामान्यतः समजले जाते. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. या प्रकारातील चांगल्या कादंबऱ्या भुताला घरात घेतात खऱ्या, पण त्याला इतक्या अटी घालतात की नॉक्स यांच्या आक्षेपाचे कारणच उरत नाही, आणि त्यांची गोडी भुताच्या असण्यापेक्षा या अटींमध्ये अधिक आहे. खून झालेल्या माणसाचा आत्मा समोर येऊन बसतो, पण वार पाठीमागून झाल्यामुळे मारेकऱ्याचा चेहरा त्याने पाहिलेला नसतो. नायिकेला स्पर्शातून वस्तूचा भूतकाळ जाणवतो, पण तुकड्यातुकड्यांत आणि क्रम सोडून. मंत्र येतो, पण नेमका धांदलीच्या वेळी उलटतो. हे नियम पहिल्या काही प्रकरणांतच वाचकाला सांगितलेले असावे लागतात. शेवटच्या प्रकरणात नायिकेला अचानक नवी शक्ती मिळून उलगडा झाला, तर वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटते, आणि ते योग्यच आहे.

ॲलिस किम्बर्ली या टोपणनावाने लिहिल्या गेलेल्या आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘हाँटेड बुकशॉप’ मालिकेत ही रचना स्पष्ट दिसते. ऱ्होड आयलंड राज्यातील एका काल्पनिक गावात पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या पेनेलोपी या तरुण विधवेला जॅक शेपर्ड या खासगी गुप्तहेराचे भूत भेटते. कित्येक दशकांपूर्वी त्याच दुकानाच्या जागेत तो गोळीला बळी पडला होता. तपासाचा अनुभव त्याच्यापाशी, तर हातपाय आणि आजच्या जगाची ओळख तिच्यापाशी, अशी ही वाटणी आहे. तो त्या वास्तूशी बांधलेला असून त्याचे जुने नाणे तिने जवळ बाळगले तरच तिच्याबरोबर बाहेर पडू शकतो. एका नाण्याने घातलेली ही मर्यादा कथानकाला किती कामे पुरवते, हे मालिका वाचताना जाणवते. सोफी केली यांच्या २०११ पासूनच्या मालिकेत मिनेसोटातील एका ग्रंथपाल स्त्रीकडे दोन मांजरे आहेत. त्यांतले एक अदृश्य होते, दुसरे भिंतीतून आरपार जाते, पण बोलता एकालाही येत नाही. त्यामुळे त्यांनी आणलेल्या वस्तूचा अर्थ मालकिणीलाच लावावा लागतो.

दुसरी मोठी अट पुराव्याची. भुताची साक्ष न्यायालयात चालत नाही. खुनी कोण हे नायिकेला कळले तरी ते कसे कळले हे तिला कोणालाही सांगता येत नाही, म्हणून पावती, चिठ्ठी, घड्याळातील वेळ असा सर्वांना दिसेल असा पुरावा तिला नव्याने जमवावा लागतो. याच अडचणीतून या कथांचा विनोदही उगवतो. भूत फक्त तिलाच दिसत असल्याने चारचौघांत ती हवेशी वाद घालताना सापडते, आणि गावचा पोलीस अधिकारी, जो बहुधा तिच्या प्रेमातही असतो, तिच्याकडे काळजीने पाहू लागतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर १९६९ मध्ये आलेल्या, मृत भागीदाराच्या भुतासह काम करणाऱ्या खासगी गुप्तहेराच्या मालिकेने ही युक्ती आधीच लोकप्रिय केली होती.

भूत आणि खून एकत्र असूनही या कादंबऱ्या वाचकाला धीर कशा देतात, याचे उत्तर मृत्यूकडे पाहण्याच्या त्यांच्या रीतीत आहे. नेहमीच्या रहस्यकथेत प्रेत हे कोड्याचे निमित्त असते आणि पहिल्या प्रकरणानंतर मेलेल्या माणसाला स्वतःचे काही म्हणणे उरत नाही. येथे मात्र तो शेजारी बसून आपल्या बागेची, अर्धवट राहिलेल्या भांडणाची किंवा लेकीची चौकशी करतो. त्याचे राहिलेले बोलणे कोणीतरी ऐकून घेते आणि मगच तो निघून जातो. ज्याच्या घरातले माणूस निरोप न घेता गेले आहे त्या वाचकाला हे संभाषण किती हवेसे वाटत असेल, हे लक्षात घेतल्यावर या कादंबऱ्यांना केवळ वेळ घालवण्याचे साधन म्हणणे अन्यायाचे ठरते.

नायिका बहुधा घटस्फोट, वैधव्य किंवा गेलेली नोकरी मागे टाकून गावी परतलेली असते. आजी किंवा मावशीकडून तिला घर, दुकान आणि त्यांच्यासोबत ती शक्तीही वारसाहक्काने मिळते. बेकरी, जुन्या कपड्यांचे दुकान, वाचनालय हे तिचे व्यवसाय गावातल्या प्रत्येकाला तिच्या उंबऱ्यापर्यंत आणतात, आणि संशयितांची चौकशी पोलिसी न वाटता गप्पांसारखी होते. पुस्तकाच्या शेवटी अनेकदा पाककृती छापलेल्या असतात. शीर्षकात शब्दांवर कोटी आणि मुखपृष्ठावर मांजर हे संकेतही रूढ आहेत. कादंबऱ्या मालिकेने निघतात व ई-पुस्तकांमुळे लेखकांना त्या स्वतः प्रकाशित करणेही सोपे झाले आहे.

आक्षेपही आहेत. एवढ्याशा गावात इतके खून कसे, हा जुना प्रश्न फारसा गंभीर नाही, कारण वाचकाने ती सवलत आधीच दिलेली असते. अधिक गंभीर प्रश्न चेटकिणीचा आहे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२–९३ च्या खटल्यांत चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आली आणि एकाला दगडांखाली चिरडून मारण्यात आले. त्याच गावाची पार्श्वभूमी घेऊन मेणबत्त्या आणि काळ्या टोप्यांची गोड सजावट करणारी कादंबरी त्या वीस जणांना विसरत असेल, तर तिची ऊब उसनी आहे. आरोप सोसणाऱ्या स्त्रीच्या बाजूने उभी राहणारी कादंबरी मात्र या इतिहासाला न्याय देऊ शकते.

मराठी वाचकाला हा मुद्दा अधिकच जवळचा आहे. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाला आहे, आणि करणी-जादूटोण्याचा आरोप लादून माणसाचे जगणे अवघड करण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. त्यामुळे हसतमुख चेटकीण मराठीत आणताना लेखकाला फार सांभाळून पाऊल टाकावे लागेल. मराठीत बाबूराव अर्नाळकरांची गुप्तहेरकथा आणि नारायण धारपांची भयकथा या वाटा वेगळ्याच राहिल्या. सामग्रीची उणीव मात्र नाही. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात असतो, म्हणजे प्रत्येकाला जागा आणि मर्यादा लोकपरंपरेनेच नेमून दिली आहे. कोकणात व गोव्यात रात्री काठी घेऊन गावाची राखण करणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवणारा देवचार तर या कथाप्रकारातील मायाळू भुताचा सख्खा नातेवाईक शोभेल असा आहे.