चाक मोठे झाले की दात मोजावे लागतात

दिंडोरी किंवा निफाडकडच्या द्राक्षबागेत फवारणी चालू असताना ट्रॅक्टरकडे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. फवारणीचा ब्लोअर नीट चालावा म्हणून त्याला इंजिनाची शक्ती देणारा मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या ठरलेल्या गतीने फिरवावा लागतो, आणि त्यासाठी इंजिन चांगले जोरात ठेवावे लागते. पण औषध प्रत्येक पानावर बसायचे, तर ट्रॅक्टरने मात्र माणसाच्या चालीनेच ओळीतून जायला हवे. इंजिनाची गती आणि जमिनीवरची गती यांची अशी फारकत करण्याचे काम लो गिअर करतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. जीप किंवा थार घेऊन डोंगरवाटा धुंडाळणाऱ्या, आणि त्यासाठी गाडीत बदल करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांच्या मनात मात्र लो गिअर म्हणजे ‘जास्त ताकद’ एवढेच समीकरण पक्के बसलेले असते. या समजुतीमुळे बराच पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च होतो, म्हणून आधी तिचाच हिशेब करून पाहू.

समजा, गाडीचे वजन १,८०० किलो आहे आणि डिझेल इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३०० न्यूटन-मीटर आहे. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.०, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर २.५ आणि अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियनचे (मोठ्या आणि लहान दातेरी चक्रांच्या जोडीचे) गुणोत्तर ३.७३ धरले, तर तिन्हींचा गुणाकार ३७.३ येतो. म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिन ३७.३ वेळा फिरते, आणि इंजिनाचा टॉर्कही तितक्याच पटीने वाढून चाकांपर्यंत पोहोचतो. दात, बेअरिंगे आणि तेल यांच्या घर्षणात १५ टक्के वाया गेले असे मानले, तरी सुमारे ९,५०० न्यूटन-मीटर उरतात. आता टायर जमिनीला किती धरू शकतो ते पाहा. कोरड्या खडकावर घर्षणांक ०.८ धरला, तर चारही चाकांची मिळून पकड साधारण १४,१०० न्यूटन भरते; ०.३६७ मीटर त्रिज्येच्या चाकासाठी हा टॉर्क होतो सुमारे ५,२०० न्यूटन-मीटर. चाके जमिनीवर जेवढा टॉर्क वापरू शकतात त्याच्या जवळजवळ दुप्पट टॉर्क, गाडीत एकही बदल न करता, मूळ गिअरमध्येच उपलब्ध असतो. त्याहून जास्त दिला तर चाक जागच्या जागी फिरेल, गाडी पुढे जाणार नाही.

मग खालचा गिअर हवा कशाला? सावकाशपणासाठी. खडकावरून जाताना चालकाला इंजिन आयडलवर ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, चाक बोटभर बोटभर पुढे सरकवायचे असते. त्या अवस्थेत इंजिन आपल्या कमाल टॉर्कच्या एका अंशावरच चाललेले असते आणि बंद न पडता तेवढ्यावर चढ पेलण्याची त्याची क्षमता गिअरच्या गुणाकारावर ठरते. प्रश्न असतो तो या तळाच्या मर्यादेचा, आणि टायर मोठे केले की नेमकी तीच मर्यादा ओलांडली जाते.

टायरच्या बाजूवर लिहिलेले २३५/७० आर १६ असे आकडे वाचायला सोपे आहेत. रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि रिमचा व्यास १६ इंच. रिमचे ४०६ मिलिमीटर आणि बाजूची दुप्पट उंची ३२९ मिलिमीटर मिळवली की पूर्ण व्यास ७३५ मिलिमीटर येतो, म्हणजे जवळपास २९ इंच. त्याजागी ३३ इंची टायर बसवला तर व्यास ८३८ मिलिमीटर होतो. चाक १४ टक्क्यांनी मोठे झाले. यामुळे गाडी दोन इंचांनी उचलली जाते; व्यासातली वाढ चार इंचांची असली तरी डिफ्रन्शियलच्या (अ‍ॅक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरांच्या) खालचे अंतर त्याच्या निम्म्यानेच वाढते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या दोन इंचांची किंमत मात्र साऱ्या गाडीला मोजावी लागते.

पंचवीस अंशांच्या चढाचे उदाहरण घेऊ. आयडलवर इंजिन १०० न्यूटन-मीटर देते असे धरले, तर घर्षण वजा जाता चाकांवर सुमारे ३,१७० न्यूटन-मीटर येतात. मूळ टायरवर हा चढ पेलायला साधारण २,७५० लागतात. म्हणजे हाताशी शिल्लक राहते. ३३ इंची टायरवर तोच चढ ३,१३० मागतो. कागदावर काठावर पास, पण टायर दगडावर दबताना जो रोध निर्माण होतो तो यात धरलेलाच नाही, त्यामुळे प्रत्यक्षात इंजिन धापा टाकत बंद पडते. मग चालक क्लच अर्धा दाबून अ‍ॅक्सिलरेटर देतो, क्लच प्लेट जळल्याचा वास येतो, आणि घरी परतल्यावर ‘इंजिनात दम नाही’ असा निष्कर्ष काढून तो ट्यूनिंगच्या मागे लागतो. दोष इंजिनाचा नसतो. आयडलवर मिनिटाला ८०० फेरे धरले तर पूर्वी ताशी ३ किलोमीटरने सरकणारी गाडी आता ३.४ किलोमीटरने सरकते, आणि तेवढ्याच प्रमाणात तिची चढण्याची क्षमता घटलेली असते.

उपाय क्राऊन-पिनियनच्या दातांमध्ये आहे. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात असले की गुणोत्तर ३.७३ होते. टायर १४ टक्क्यांनी वाढला असेल तर मूळ अवस्था परत मिळवण्यासाठी ३.७३ ला १.१४ ने गुणावे. उत्तर येते ४.२५. याच्या जवळची मिळणारी जोडी म्हणजे ४३ आणि १० दातांची, गुणोत्तर ४.३०. ती बसवली की आयडलवरची गती पुन्हा ताशी २.९ किलोमीटरवर येते आणि त्याच चढावर ३,६५० न्यूटन-मीटर हाताशी येतात. या आकड्यांत मला एक सुंदर गोष्ट दिसते: ४१ आणि ११, ४३ आणि १०, ३९ आणि ८ या जोड्यांतील दोन्ही संख्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. सामाईक विभाजक असता तर ठराविक दातांची ठराविक दातांशीच गाठ पडत राहिली असती.

इथे कोणी विचारेल की बदलायचेच आहे, तर ३९ आणि ८ दातांची ४.८८ ची जोडी का घेऊ नये? याचे उत्तर डोंगरात सापडत नाही, मुंबई-आग्रा महामार्गावर सापडते. पाचवा गिअर ०.८ असेल तर मूळ टायर आणि मूळ गिअरवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे १,७२० फेऱ्यांनी चालते. ३३ इंची टायर आणि मूळ गिअरवर ते १,५१० वर उतरते, आणि अनेक टर्बो डिझेल इंजिनांचा खरा जोर साधारण १,६०० फेऱ्यांपासून सुरू होतो. म्हणूनच अशी गाडी कसारा घाट चढताना सारखी चौथ्यावर, तिसऱ्यावर आणावी लागते. ४.३० वर ते १,७४० फेरे होते, म्हणजे कारखान्याने योजलेल्या जागी परत. ४.८८ वर मात्र ८० ला १,९८० आणि १०० ला जवळपास २,४७० फेरे होतात. आवाज वाढतो, डिझेल जास्त लागते. महिन्यातले पंचवीस दिवस सातपूर-अंबडला कामावर जाणारी आणि एखाद्या रविवारी हरसूल-पेठच्या वाटांवर उतरणारी गाडी असेल, तर माझे स्पष्ट मत ४.३० च्या बाजूने आहे. गाडी ट्रेलरवर लादून नेली जात असेल तरच ४.८८ चा विचार करावा. शिवाय गुणोत्तर वाढवताना पिनियनचे दात कमी होतात, पिनियन लहान होतो आणि एका वेळी गुंतलेल्या दातांची संख्याही घटते. म्हणजे भार जास्त आणि पेलणारे धातूचे अंग कमी.

दुसरा मार्ग ट्रान्सफर केसचा आहे. तिथले लो गिअर बदलले तर फक्त लो रेंज, म्हणजे लो गिअर लावल्यावरची चाल, बदलते आणि हमरस्त्यावरची चाल जशीच्या तशी राहते, हा त्याचा मोठा गुण. जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत ट्रान्सफर केसचा लो गिअर ४.० आहे, सहा-गिअर मॅन्युअलचा पहिला गिअर ५.१३ आणि अ‍ॅक्सल ४.१० धरता एकूण गुणाकार ८४ वर जातो. १९४१ च्या विलीज एमबी जीपमध्ये हाच गुणाकार २५ च्या आसपास होता, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी आपल्याकडे जोडायला घेतलेल्या जीपची वंशावळ त्याच गाडीपर्यंत पोहोचते. आज थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते, त्यामुळे या विषयाशी शहराचे नाते केवळ हौसेचे नाही.

पण खूप खोल लो गिअर आपल्या जमिनीला नेहमी मानवतोच असे नाही. नाशिकच्या आसपास जमिनीचे दोन अगदी भिन्न स्वभाव आहेत. त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला आणि ओढ्यांच्या पात्रांत काळा बेसॉल्ट आहे. तिथे जितके सावकाश तितके उत्तम. खाली सपाटीवर, बेसॉल्ट झिजूनच तयार झालेली काळी कापसाची माती आहे. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी पिऊन फुगते, मातीची कातरबलाला तोंड देण्याची शक्ती झपाट्याने घटते आणि टायरच्या नक्षीत ती अशी भरून बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. ही माती नक्षीतून फेकली जायची तर चाकाला थोडा वेग लागतो. दुसरा गिअर २.३ धरला, तर २.५ च्या लो गिअरवर आणि ४.३० च्या अ‍ॅक्सलवर २,००० फेऱ्यांना ३३ इंची चाक ताशी १३ किलोमीटरने फिरते, ४.० च्या लो गिअरवर तेच ८ किलोमीटरने. दुसऱ्या गाडीला चिखलात वरचे गिअर शोधावे लागतात, आणि रुतू लागलेल्या गाडीत गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला की तेवढ्या क्षणात तिची गती मरते. गेल्या काही पावसाळ्यांत गंगापूर धरणाच्या अलीकडे मी पाहिलेल्या रुतलेल्या गाड्यांपैकी बहुतेकांत ताकदीची उणीव नव्हती. टायरमध्ये हवा जास्त होती आणि वेग कमी होता.

हवेचा विषय निघालाच आहे तर क्रमाबद्दलही लिहितो. उघड्या, म्हणजे लॉकर नसलेल्या, डिफ्रन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो, त्यामुळे एक चाक हवेत लटकले की दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. अशा वेळी गुणोत्तर ३.७३ आहे की ४.८८, याने काहीही फरक पडत नाही. म्हणून आधी चांगल्या नक्षीचे टायर आणि मातीत उतरताना हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी करण्याची सवय, मग मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र जखडून फिरवणारे यंत्र), आणि त्यानंतर गिअर, असा क्रम मला योग्य वाटतो. लॉकर आणि क्राऊन-पिनियन एकाच वेळी बसवले तर अ‍ॅक्सलचे हौसिंग (बाहेरचे कवच) एकदाच उघडावे लागते आणि मजुरी वाचते.

गिअर बदलून जे सुधारत नाही तेही सांगायला हवे. ब्रेकचा टॉर्क तोच राहतो आणि चाकाची त्रिज्या वाढते, म्हणून त्याच पायदाबावर जमिनीवरील ब्रेकचे बल सुमारे १२ टक्क्यांनी घटते. जड टायरची फिरण्याची गती थोपवायची असते ती वेगळीच. उतारावर लो गिअरचे इंजिन-ब्रेकिंग मदत करते, पण महामार्गावर अचानक थांबायचे असेल तेव्हा नव्हे. डॅशबोर्डवर ८० दिसत असताना गाडी ९१ ने धावत असू शकते. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तिथे अ‍ॅक्सलचे गुणोत्तर टायरच्या प्रमाणात बदलले की आकडा आपोआप जागेवर येतो. नव्या गाड्यांत तो चाकाच्या सेन्सरवरून येतो, तिथे गिअरचा काही उपयोग नाही. संगणकातली नोंदच बदलावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, त्यामुळे टायरचा आकार ठरवण्यापूर्वीच आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

शेवटी प्रत्यक्ष बसवण्याचे काम, कारण उत्तम गणित वाईट जोडणीने वाया जाते. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा अशा दोन्ही अ‍ॅक्सलचे गुणोत्तर सारखेच हवे. मधला डिफ्रन्शियल नसलेल्या गाडीत ते वेगळे असतील, तर फोर-व्हील लावताच दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, नाही तर ट्रान्सफर केस तुटतो. म्हणजे खर्च दोन जोड्यांचा धरायचा. पिनियन किती आत बसतो हे शिमने (पातळ धातूच्या चकत्यांनी) ठरवले जाते, आणि दातांमधला प्ले, म्हणजे मोकळीक, साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ठेवावा लागतो. दातांना रंग लावून, फिरवून, ठसा कुठे उमटतो ते मिस्त्रीने तुम्हाला दाखवले पाहिजे; तो दाताच्या मध्यावर असावा, टोकाला किंवा मुळाशी नसावा. हे न करता ‘आवाज बसेल हळूहळू’ असे सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणावी. मी एकदा तशी आणली नाही. चार महिन्यांत क्राऊनचे दात निळे पडले.

क्राऊन-पिनियनचे हे हायपॉइड पद्धतीचे तिरके दात एकमेकांवर फिरतात तसेच घासतातही, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचे तेल लागते आणि नव्या जोडीला सुरुवातीची विश्रांती लागते. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे हलक्या पायाने चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ द्यावे, असे दोन-तीन वेळा करावे, आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर त्या वेळी करड्या पिठासारखा बारीक थर दिसतो, तो अपेक्षितच आहे. बोटांना टोचणारा कण सापडला तर मात्र गाडी घाटाकडे न नेता हौसिंग पुन्हा उघडावे.