आपल्या फडातला ऊस आणि जानकी अम्माळ

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी, कुठंही जावा, लागणीच्या दिवसात दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, बेणं कुठलं? आणि उत्तर उसाच्या जातीच्या आकड्यातच येतं. शहाऐंशी बत्तीस. दोनशे पासष्ट. जुनी माणसं अजून सातशे चाळीसची आठवण काढतात. उतारा किती, तुरा कधी येतो, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत येणारं पीक) कसा फुटतो हे सगळं इथं पोराटोरांना पण पाठ असतं, खरं त्या आकड्याआधी जे 'को' लागतं ते कोइमतूरचं, आणि त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात १९३४ पासून पाच वर्षं एक बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून उसाची गुणसूत्रं (पेशीच्या आतले, आईबापाचे गुण पोराकडं नेणारे बारीक धागे) मोजत होती, हे आमच्या भागात कुणी बोलताना ऐकू येत नाही.

तिचं नाव एडवलत कक्कट जानकी अम्माळ. जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, केरळातलं तलश्शेरी गाव. जात थिय्या, म्हणजे त्या काळी खालची धरलेली. बरोबरीच्या मुलींची लग्नं होत होती तेव्हा ही मद्रासला बॉटनी शिकली, मग तिथंच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथून स्कॉलरशिपवर थेट अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत गेली. १९३१ ला तिला तिथली डॉक्टरेट मिळाली.

८ मार्चला व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात बघा, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी, कल्पना चावला, हल्ली त्यात जानकी अम्माळ पण असतात आणि खाली एक ओळ असते, 'भारताचा ऊस गोड करणारी शास्त्रज्ञ'. फोटो फिरतात हे चांगलंच आहे, खरं ती ओळ मला पटत नाही. एक तर ती पूर्ण खरी नाही (ते पुढं सांगते), आणि दुसरं म्हणजे अशी एक ओळ वाचली की माणूस हात जोडतो आणि पुढं सरकतो, तिनं नक्की काय केलं हे विचारायचंच राहून जातं. 'पहिली महिला अमुक', 'पहिली महिला तमुक' ह्याचं पण तसंच होतं. शास्त्रज्ञ बाईचा मान करायचा तर तिचं काम समजून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि इथं तर ते काम आपल्या बांधावर उभं आहे.

उसाला बी असतं हे आपल्यातल्या कितीतरी जणांच्या डोक्यातच येत नाही, कारण आपण कांडी लावतो, डोळ्यातून कोंब फुटतो आणि तोच ऊस परत उभा राहतो. म्हणजे एका जातीचे सगळे ऊस एकमेकांची हुबेहूब नक्कल. नवीन जात पाहिजे असेल तर तुरा लागतो, त्यातली फुलं लागतात आणि त्यातून धरणारं अगदी बारीक, कापसासारखं हलकं बी लागतं. आमच्याकडं तुरा आला की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो, वजन घटतंय म्हणून, आणि कोइमतूरला तेच लोक तुऱ्याची वाट बघत बसतात कारण तिथल्या हवेत उसाला फुलं चांगली येतात आणि बी पण धरतं. ऊस पैदास केंद्र १९१२ ला तिथं काढलं त्याचं मोठं कारण हेच.

आता गोड ऊस म्हणजे पूर्वीचा पुंड्या ज्या गटातला तो, जाड, मऊ, रसाळ, शास्त्रीय नाव सॅकरम ऑफिसिनॅरम. साखर भरपूर, खरं अंग नाजूक. रोग आला की आडवा, पाणी कमी पडलं की आडवा. आणि त्याचाच एक रानटी भाऊ आहे, कास नावाचं गवत, सॅकरम स्पॉन्टेनियम, पावसाळा सरता सरता नदीकाठानं पांढरे तुरे काढून उभं असतं. काडीएवढं खोड, साखर नावाला, पण पुराला दाद देत नाही, उन्हाला देत नाही, कापलं की परत फुटतंय. ह्या दोघांचं लग्न लावायचं हा कोइमतूरचा उद्योग. तिथले शास्त्रज्ञ बार्बर आणि वेंकटरामन ह्यांनी ते जमवलं आणि १९१८ ला को २०५ ही जात बाहेर पडली. आज आपल्या शेतातल्या उसात साधारण १० ते २० टक्के वारसा ह्या रानगवताचा आहे, आणि खोडव्याला जो जोर येतो ना तो बराचसा तिकडचाच.

मग जानकी अम्माळ ह्यांचं काम काय, तर ह्या लग्नाच्या आत काय होतंय ते बघणं.

गोड उसाच्या प्रत्येक पेशीत ८० गुणसूत्रं असतात. कोइमतूरकडच्या कासात ६४. शाळेत शिकवतात त्या हिशोबानं आईकडनं निम्मी आणि बापाकडनं निम्मी, म्हणजे ४० अधिक ३२, पोराला ७२ मिळायला पाहिजेत. पण को २०५ मध्ये निघाली ११२! आईनं निम्मी न देता सगळीच्या सगळी ८० दिली आणि बापाची ३२. हा उसाचा विचित्र स्वभाव जावातल्या डच संशोधकांना १९२० च्या दशकात कळला होता, आणि त्याचा फायदा असा की पोर आईकडं जास्त झुकतं, मग त्याचा परत गोड उसाशी संकर केला की साखर लवकर परत येते आणि रानटी काटकपणा पण थोडा शिल्लक राहतो. म्हणजे ऊस सुधारायचा असेल तर नुसतं फूल बघून, पान बघून, रस चाखून भागत नाही, मोजावं लागतं. कुठल्या संकरात किती गुणसूत्रं आली, संकर खरंच झालाय की आईच्याच परागानं बी धरलंय, पुढची पिढी वांझ निघेल का, ह्याची उत्तरं त्या मोजणीत असतात.

आणि ही मोजणी म्हणजे काय हे जरा जवळून बघूया. मुळाचं अगदी टोक घ्यायचं, काही मिलिमीटरचं, कारण पेशी तिथं भराभर विभागत असतात. गुणसूत्रं वेगवेगळी दिसतात ती पेशी विभागताना मधल्या थोड्याच वेळात, एरवी सगळा गुंता. तेवढी वेळ साधून ते टोक औषधात टाकून पेशी आहे तशी थांबवायची, रंग द्यायचा, काचेवर घ्यायची आणि मग मायक्रोस्कोपखाली शोधत बसायचं की ह्या हजार पेशीत नीट पसरलेली एक तरी आहे का. सापडली की आत काय, चिमूटभर शेवया तोडून टाकल्यासारखे शंभराच्या वर तुकडे, एकावर एक चढलेले, आखूड, सगळे जवळपास सारखेच. ते हातानं चित्र काढत एकेक मोजायचे. जोंधळ्याची २० असतात, मक्याची पण २०, तिथं ठीक आहे. उसाला ११२ म्हणजे डोळ्याची परीक्षा. हे काम किती अवघड त्याचा अंदाज यायला एवढंच सांगते, माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे नक्की ठरलं १९५६ ला, त्याआधी कित्येक वर्षं सगळं जग ४८ धरून चाललं होतं. आणि ही बाई तीसच्या दशकात उसाची शंभरावर मोजत होती.

तिथंच ती थांबली नाही. उसाचा संकर उसाच्या नात्याबाहेर कुठपर्यंत जातो हे पण तिनं करून बघितलं, जोंधळ्याबरोबर, मक्याबरोबर, दुसऱ्या रानगवतांबरोबर. ऊस आणि मक्याच्या संकरावरचा तिचा छोटा लेख १९३८ ला 'नेचर'मध्ये छापून आला. शेतकऱ्याला त्यातून लगेच काही बेणं मिळालं असं नाही, खरं गवतांच्या ह्या सगळ्या कुळाची नाती किती जवळची आहेत हे त्यातून दिसलं. कास हे मूळचं आपल्या भारतातलंच, हे ठरवण्यात पण तिच्या कामाचा मोठा वाटा आहे.

आता ती ओळ पूर्ण खरी का नाही ते. को २०५ आली तेव्हा जानकी मद्रासला शिकत होती. आणि शहाऐंशी बत्तीस (को ८६०३२) तिच्या मृत्यूनंतर शेतात आली, ती को ६२१९८ आणि कोसी ६७१ ह्यांच्या संकरातून निघालेली. ऊस एकट्या कुणी गोड केला नाही, पिढ्यान् पिढ्या लोकांनी केला आणि त्यात आतला हिशोब मांडणाऱ्यांमध्ये ती पुढं होती. मला तर हे कौतुक जास्त मोठं वाटतं. ज्याचं फळ आपल्या नावावर लागणार नाही असलं काम ती रोज बसून करत होती, आणि तेही त्या ऑफिसात, जिथं एकटी राहणारी बाई आणि तीही त्या जातीची म्हणून तिला त्रासच झाला.

१९४० ला ती इंग्लंडला जॉन इन्स संस्थेत गेली, महायुद्ध चालू असताना. तिथं सिरिल डार्लिंग्टन ह्या शास्त्रज्ञाबरोबर तिनं लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ॲटलास तयार केला, १९४५ ला छापला. मग इंग्लंडातल्याच विस्लीच्या बागेत गेली आणि मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन नावाचं रसायन वापरून बघितलं. हे कोल्चिसिन पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागेच तयार होऊ देत नाही, त्यामुळं गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी काही दोन होत नाहीत, आणि अशा झाडांची पानंफुलं बऱ्याचदा मोठी, जाड होतात. विस्लीत तिच्या नावाचा मॅग्नोलिया आहे. आणि खानापूरकडं पावसात कुंपणावर चढणारी लालपिवळी कळलावी माहिती आहे ना, जिच्या कंदाला हात लावू नको म्हणून म्हातारी माणसं ओरडतात, तिच्यातलं विष म्हणजे हेच कोल्चिसिन.

१९५१ ला नेहरूंनी तिला परत बोलावलं, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया ह्या देशातल्या वनस्पतींची पाहणी करणाऱ्या सरकारी संस्थेची घडी नव्यानं बसवायला. आणि म्हातारपणी, ऐंशीच्या आसपास असताना, केरळात सायलेंट व्हॅलीच्या जंगलात धरण बांधायचं निघालं तेव्हा विरोध करणाऱ्यांत ती उभी राहिली, तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी करायला पाहिजे म्हणत. ७ फेब्रुवारी १९८४ ला ती गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली नॅशनल पार्क जाहीर झालं. भीमगडच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना ह्यातलं मोल वेगळं सांगायला नको.

उसाचं झालं, आता बटाट्याचं थोडं, कारण बेळगाव तालुका बटाट्याचा आणि ही दुसरी बाई आपल्याच भाषेतली. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत ह्यांची सख्खी बहीण. १९३३ ला मुंबईत बीएस्सी करून बेंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटला (म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) अर्ज केला तर डायरेक्टर सी. व्ही. रामन ह्यांनी बाई म्हणून नाकारला. नोबेल मिळवलेला माणूस नाही म्हणतोय म्हटल्यावर कुणीही घरी गेलं असतं, ही गेली नाही, कारण सांगा म्हणून अडून बसली. शेवटी एक वर्ष प्रोबेशन वगैरे अटी घालून घेतलं. अटी अपमानाच्याच होत्या, गोडीगुलाबीनं सांगण्यासारखं त्यात काही नाही. तिथं तिनं दूध आणि कडधान्यातल्या प्रोटीनवर असं काम केलं की नंतर रामननी बायकांना प्रवेश द्यायला सुरुवात केली.

मग केंब्रिज, आणि तिथं बटाटा. बटाट्याच्या ढिगात आत हात घातला की ऊब लागते, आमच्याकडं माल साठवणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे. बटाटा काढल्यावर पण जिवंत असतो, ऑक्सिजन घेतो, आतला स्टार्च थोडा थोडा खर्च करतो, त्याची ती ऊब. हा श्वास चालतो तो एका साखळीनं, अन्नातले इलेक्ट्रॉन एका प्रोटीनकडनं दुसऱ्याकडं जात जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात, आणि त्या साखळीत सायटोक्रोम सी नावाचं छोटं, पोटात लोह असलेलं, लाल रंगाचं प्रोटीन असतं. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ते माहिती होतं. कमलाबाईंनी ते बटाट्यात दाखवलं, म्हणजे झाडाचा श्वास आणि आपला श्वास एकाच पद्धतीनं चालतो. थिसिस फक्त ४० पानांचा, १४ महिन्यात, १९३९ ला पीएचडी. परत आल्यावर त्यांनी ताडाच्या नीरेवर काम केलं, त्यातली व्हिटॅमिनं आणि लोह कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना उपयोगी पडतंय हे दाखवलं, त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

उसाची गोष्ट अजून चालूच आहे. कासाचा जीनोम, म्हणजे गुणसूत्रांत लिहिलेला सगळा मजकूर, २०१८ ला वाचून झाला आणि आजच्या संकरित उसाचा, जो त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा, तो २०२४ ला. एवढा वेळ लागायचं कारण तेच, एकेका पेशीत १०० ते १३० गुणसूत्रं आणि ती पण दोन घराण्यांची मिसळलेली.

बारावी सायन्सच्या मुलींना, आणि त्यांच्या सरमॅडमना, एक सांगावंसं वाटतं. कांद्याच्या मुळाची स्लाईड सगळ्याच कॉलेजात करतात, १६ गुणसूत्रं मोजतात आणि जर्नल भरतात. तसंच एकदा उसाचं करून बघा. एक डोळ्याची कांडी ओल्या वाळूत ठेवली की कांड्याच्या पेऱ्यावरनं थोड्या दिवसात पांढरी मुळं फुटतात, त्यांची टोकं सकाळी कापायची, अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवायची, मग ॲसिडनं जरा मऊ करून ॲसिटोकार्मिननं रंगवायची आणि काचेवर हलकं दाबायची. पहिल्या स्लाईडवर काही दिसणार नाही, दहावीवर पण कदाचित नाही. नीट पसरलेली पेशी सापडली तर मात्र मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि मोजलेल्या एकेका तुकड्यावर खूण करत जावा, नाहीतर साठसत्तरच्या पुढं कुठला मोजला आणि कुठला राहिला ते कळत नाही.