सहभागी छायाचित्रण : वृद्धांच्या कौटुंबिक शुश्रूषेचा अभ्यास

घरातील वृद्ध माणसाची देखभाल करणाऱ्या नातेवाइकांच्या हाती कॅमेरा देऊन, त्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या आधारे त्यांना बोलते करण्याची गुणात्मक संशोधनपद्धती. परिचर्याशास्त्र, समाजकार्य, वार्धक्यशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या शाखांत ती रूढ आहे. ‘फोटोव्हॉइस’ हे तिचे प्रचलित नाव मराठीतही बहुधा तसेच वापरले जाते. ‘सहभागी छायाचित्रण’ ही संज्ञा तिच्याहून व्यापक असून तीत फोटोव्हॉइसखेरीज इतर पद्धतींचाही समावेश होतो.

उगम : पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याबाबत एकमत नाही. एक मत अमेरिकन छायाचित्रकार व मानवशास्त्रज्ञ जॉन कोलियर यांच्यापर्यंत मागे जाते. कॅनडाच्या सागरी प्रांतांतील एका अभ्यासात छायाचित्रे समोर ठेवून घेतलेल्या मुलाखती नुसत्या प्रश्नोत्तरांपेक्षा अधिक नेमक्या होतात, असे त्यांना आढळले. त्यांचा यावरील लेख १९५७ मधील आहे. मात्र तेथे छायाचित्रे संशोधकाने काढलेली होती. कॅमेरा अभ्यासविषय असलेल्या लोकांच्याच हाती देण्याचा ठळक प्रयोग सोल वर्थ आणि जॉन अडेर यांनी १९६६ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील नाव्हाहो या आदिवासी समाजात केला. पण तो चलच्चित्रणाचा होता.

दुसरे मत पेरूतील साक्षरता कार्यक्रमाकडे बोट दाखवते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांच्या विचारांवर बेतलेल्या या कार्यक्रमात, १९७३ च्या सुमारास, लिमामधील गरीब वस्तीतल्या लोकांना काही प्रश्नांची उत्तरे छायाचित्रांतून देण्यास सांगितले गेले. या कार्यक्रमात सहभागी असलेले ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी नोंदवलेला एक प्रसंग वारंवार उद्धृत होतो. ‘शोषण म्हणजे काय?’ या प्रश्नाला एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचे छायाचित्र आणून दिले. मोठ्यांना काही उमगेना. इतर मुलांना मात्र ते तात्काळ पटले. ती मुले शहरात बूटपॉलिश करीत. जड पेटी रोज घरापर्यंत वाहावी लागू नये म्हणून ती दुकानातल्या भिंतीवर टांगून ठेवीत आणि दुकानदार त्या खिळ्याचे भाडे घेई. काही लेखक या प्रयोगाचे श्रेय थेट फ्रेइरे यांना देतात. बोआल यांच्या कथनावरून ते कार्यक्रमातील सहकाऱ्यांना देणे अधिक योग्य वाटते.

तिसरे व सर्वाधिक मान्य मत कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांच्या बाजूचे आहे. चीनच्या युन्नान प्रांतात, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चाललेल्या स्त्रीआरोग्य प्रकल्पात, १९९२ मध्ये ६२ ग्रामीण स्त्रियांनी आपल्या जगण्याची छायाचित्रे काढली. १९९४ च्या लेखात या पद्धतीला ‘फोटो नोव्हेला’ म्हटले होते. परंतु स्पॅनिश भाषक देशांत ‘फोटोनोव्हेला’ म्हणजे छायाचित्रांतून सांगितलेली गोष्ट, आपल्याकडील चित्रकथेच्या जवळचा प्रकार. त्या नावाने घोटाळा होई. १९९७ च्या लेखात ‘फोटोव्हॉइस’ हे नाव आले. फ्रेइरे यांचा शिक्षणविचार, स्त्रीवादी सिद्धांत आणि दस्तऐवजी छायाचित्रण हे तीन आधार या लेखकद्वयाने स्वतःच सांगितले असल्याने, पूर्वीचे प्रयोग पूर्वपीठिका मानून पद्धत म्हणून आरंभ येथून धरणे सयुक्तिक ठरते.

कार्यपद्धती : कॅमेऱ्याची ओळख, संमतीविषयी चर्चा, ठरावीक मुदतीत छायाचित्रण आणि नंतर गटात किंवा एकट्याने संभाषण, असा साधारण क्रम असतो. विश्लेषणाचे तीन टप्पे वांग व बरिस यांच्या १९९७ च्या लेखात दिले आहेत : निवड, संदर्भ सांगणे आणि त्यांतून विषयसूत्रे काढणे. यांपैकी पहिले दोन सहभागी व्यक्तींनीच करावेत हा आग्रह महत्त्वाचा. प्रत्यक्षात तोच सर्वांत आधी सैल होतो.

शुश्रूषेच्या अभ्यासातील उपयोग : हंटिंग्टन रोग (मेंदूचा एक आनुवंशिक विकार) झालेल्या जोडीदाराची देखभाल करणाऱ्यांवरील ऑबिलक आणि ब्यूकॅनन यांचा अभ्यास (२००६) हे आरंभीच्या उदाहरणांपैकी एक. वृद्धांच्या देखभालकर्त्यांना जाणवणाऱ्या अडचणी व आधार यांवर गार्नर आणि फॉचर यांनी २०१४ मध्ये याच पद्धतीने काम केले.

या क्षेत्रात ती उपयोगी पडण्याचे कारण मराठी वाचकाला भाषेतूनच कळेल. ‘देखभालकर्ता’ हा शब्द घरात कोणी वापरत नाही. ‘सासूबाईंचं शेवटपर्यंत तिनंच केलं’ असे म्हणतात. या ‘केलं’मध्ये काय काय येते, ते सांगणारा फोड करून सांगत नाही आणि ऐकणारा विचारीत नाही. थेट प्रश्न केला तर ‘आपलंच माणूस, करायला नको का?’ इथे उत्तर संपते. छायाचित्राने ही फोड होऊ शकते. कल्पित उदाहरण घ्यायचे तर, पलंगाला खेटून अंथरलेल्या चटईचे छायाचित्र. पाहणाऱ्याला चटई दिसते. काढणारी सांगते, की सासूबाई रात्री उठल्या की त्यांचा पाय आधी आपल्याला लागावा, म्हणून ती तिथे झोपते. त्या न्हाणीघराच्या वाटेत पडण्याआधी तिला जाग येते. लिमामधील खिळ्यासारखाच हा प्रकार : वस्तू सर्वांसमोर असते, तिचा अर्थ मात्र वापरणाऱ्यापाशी असतो.

मर्यादा : आंघोळ घालणे, कपडे बदलणे, रागाच्या भरात आवाज चढणे यांची छायाचित्रे सहसा येत नाहीत. न काढलेल्या छायाचित्रांविषयीही विचारले पाहिजे, असे हॉजेट्स, चेंबरलेन व रॅडली यांनी २००७ मध्ये मांडले; देखभालीच्या अभ्यासात ते विशेष लागू पडते. नैतिक प्रश्नांची चर्चा वांग व रेडवुड-जोन्स यांनी २००१ मध्ये केली असून खाजगीपणावरील आक्रमण आणि व्यक्तीचे चुकीचे चित्र उभे राहणे हे त्यांतील प्रमुख मुद्दे आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत पेच अधिक अवघड होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संमती देण्यास असमर्थ व्यक्तीच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी संमती देतो. येथे तो प्रतिनिधी आणि छायाचित्र काढणारा एकच असू शकतो. म्हणून अनेक संशोधक माणसाऐवजी त्याची काठी, चष्मा, औषधांचा डबा टिपण्यास सुचवतात. यामुळे चेहरा उघड होत नाही. देखभालीतील स्पर्श मात्र चित्राबाहेर राहतो.

भारत : वृद्धांविषयीची मोठी माहिती प्रश्नावलींतून आलेली आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या दीर्घकालीन वार्धक्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७–१८) पंचेचाळीस व त्यापुढील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे कोणत्याही वयाचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांहून अधिक जणांचा समावेश होता. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार येतात. त्यातील ‘अपत्ये’ या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू व नात आहेत. सून त्या व्याख्येत नाही.