कपाळावरची आठी आणि पहिल्या नजरेतला भरवसा

बेळगावच्या गणपत गल्लीत काय किंवा निपाणी-चिकोडीच्या बाजारात काय, अनोळखी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मराठीत बोलायचं की कन्नडमध्ये हे ठरायच्या आत त्याचा चेहरा वाचून झालेला असतो. पण वाचलं जातं ते नेमकं काय?

जुनी समजूत हाडांची. आपलं सामुद्रिकशास्त्र कपाळ, नाक, हनुवटीवरून स्वभाव सांगत आलं. युरोपात स्वित्झर्लंडच्या लाव्हाटरनं १७७५पासून तेच ग्रंथरूपानं मांडलं. त्याला मानणारा कॅप्टन फिट्झरॉय तर डार्विनचं नाक पाहूनच त्याला ‘बीगल’ जहाजावर घ्यायला कचरत होता, असं डार्विननंच लिहून ठेवलंय. १८७६ साली इटलीच्या लोंब्रोसोनं गुन्हेगार जबड्या-कपाळावरून ओळखता येतो असं ठासून सांगितलं. हे साफ चूक होतं, पण ‘तोंडावरूनच चोर दिसतो’ हे वाक्य आजही आपल्या तोंडून सहज निघतं.

हाडांवरची नजर स्नायूंकडे वळली ती फ्रान्सच्या ड्यूशेनमुळे. १८६२ साली त्यानं चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन दाखवलं, की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू हुकमी हलतो, पण डोळ्याभोवतीचा गोल स्नायू खऱ्या आनंदातच आवळतो. हे पूर्णपणे खरं नाही. पुष्कळांना तोही ठरवून आवळता येतो. जास्त फरक पडतो तो वेगानं. हळूहळू उमलून सावकाश मावळणारं हसू भरवशाचं वाटतं, झटकन येऊन विझणारं वाटत नाही.

२००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरोव्ह यांनी अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले. तेवढ्यातही मत बनलं. वेळ वाढवल्यावर मत फारसं हललं नाही, त्याबद्दलची खात्री तेवढी वाढली. २००८मध्ये ओस्टरहॉफ आणि टोडोरोव्ह यांनी संगणकावर ‘विश्वासू’ चेहरा आणखी विश्वासू करत नेला, तेव्हा तो हसरा होत गेला. उलट दिशेनं नेला तेव्हा रागीट. म्हणजे निर्विकार चेहऱ्यातही आपण हसू-रागाची पुसट छटाच शोधतो, आणि तिलाच स्वभाव समजतो.

सीमाभागात ही गफलत कुठे होते, ते पतसंस्थेच्या काउंटरवर दिसतं. शेतातून भर उन्हात आलेल्या माणसाच्या भुवया जवळ आलेल्या असतात, डोळे बारीक झालेले असतात. त्यात कन्नड अर्जातला शब्द लागत नसेल तर आठी आणखी खोल जाते. डार्विननं १८७२च्या ग्रंथात या आठीची हीच दोन कारणं दिली आहेत: डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड आणि विचारात आलेली अडचण. काउंटरपलीकडच्याला मात्र ती रागाची किंवा लपवाछपवीची वाटते. फोटोतही तेच. डोक्यावरच्या ट्यूबलाइटनं भुवयांखाली सावली पडते आणि शांत माणूस कठोर दिसतो. उजेड समोरून, डोळ्यांच्या उंचीवर घेतला की ती सावली जाते. आणि माणूस दारातून आला की आधी बसायला सांगावं, पाणी द्यावं, कुठल्या भाषेत बोलू ते विचारावं. अर्ज त्यानंतर पुढे करावा.