सोडिअम सुखासुखी इलेक्ट्रॉन देत नाही

आयनिक बंध शिकवताना शाळेत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सोडिअमला शेवटच्या कवचातला एकुलता एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला अष्टक, म्हणजे शेवटच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करायला तेवढाच एक हवा असतो. देवाणघेवाण होते, दोघेही सुखी होतात आणि मीठ तयार होतं. एवढं लिहिलं की परीक्षेत पूर्ण गुण मिळतात, पण ऊर्जेचा हिशेब मांडला की ही गोष्ट टिकत नाही.

सोडिअमच्या अणूतून तो ‘नकोसा’ इलेक्ट्रॉन ओढून काढायला मोलमागे (म्हणजे सुमारे ६ × १०²³ अणूंमागे) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनने तो घेतला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यात! एकमेकांपासून लांब असलेले हे दोन अणू केवळ अष्टकाच्या ओढीने कधीच आयन (प्रभार असलेले अणू) होणार नाहीत.

तोटा भरून निघतो तो विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणामुळे. आयन जवळ येतात तशी ऊर्जा बाहेर पडते. अंतर साधारण ०.९४ नॅनोमीटरवर आलं की हिशेब बरोबरीत येतो. मिठाच्या स्फटिकात तर हे अंतर फक्त ०.२८२ नॅनोमीटर असतं.

आणि स्फटिकात निव्वळ जोड्या नसतातच. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं, की प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. अमुक सोडिअम अमुक क्लोरीनचा, असं म्हणायला जागाच नाही. मिठाचा रेणू नसतो ही गोष्ट हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांना इतकी खटकली, की १९२७ मध्येही ते ‘नेचर’मधून त्याविरुद्ध लिहीत होते.

आता एका आयनाच्या जागी उभं राहून बेरीज करू. जवळचे सहा विरुद्ध प्रभाराचे, ते ओढतात. त्यांच्या मागे √२ पट अंतरावर बारा समान प्रभाराचे, ते ढकलतात. मग √३ पट अंतरावर आठ पुन्हा ओढणारे, दुप्पट अंतरावर सहा ढकलणारे. ६ − १२/√२ + ८/√३ − ६/२… ही मालिका अशीच ओळीने मोजत गेलं तर उत्तर स्थिरावत नाही, नुसतं हेलकावत राहतं. एर्विन माडेलुंग यांनी १९१८ मध्ये ती मोजायची रीत शोधली. उत्तर येतं १.७४७६. म्हणजे तेवढ्याच अंतरावरच्या सुट्या जोडीपेक्षा स्फटिकात आकर्षणाची ऊर्जा पावणेदोन पट! मोलमागे ८६१ किलोज्यूल. इलेक्ट्रॉनांची कवचं एकमेकांना रेटतात, त्यापायी थोडी वजा होऊन उरते ७८७. हीच मिठाची जालक ऊर्जा, म्हणजे आयनांची ही जाळीसारखी मांडणी बांधून ठेवणारी ऊर्जा. तिच्यापुढे १४७चा तोटा किरकोळ आहे.

म्हणूनच मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. आणि म्हणूनच ‘सैंधवाचा दिवा लावा, घरात ऋण आयन पसरतील’ ही जाहिरात निव्वळ थाप आहे. आतल्या बल्बच्या उबेने या जालकातून क्लोराइड सुटून हवेत येत नाही. रंग आवडला तर दिवा जरूर घ्यावा, आरोग्यासाठी पैसे घालवू नयेत.

पाणी मात्र हेच जालक स्वयंपाकघरातल्या तापमानाला सोडवतं. पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला वेढतात आणि त्यातून जवळजवळ तेवढीच ऊर्जा परत मिळते. कमी पडते ती मोलमागे जेमतेम ४ किलोज्यूल. ती पाण्याच्याच उष्णतेतून घेतली जाते, त्यामुळे मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं.