कारखान्यांच्या आधी घरे गेली : अमेरिकेतील औद्योगिक शहरांच्या रिकामे होण्याची पार्श्वभूमी

कारखाना बंद पडला, रोजगार गेला आणि मग कुटुंबांनी शहर सोडले, अशा क्रमाने औद्योगिक शहरांच्या ऱ्हासाची हकीकत बहुधा सांगितली जाते. अमेरिकेत ग्रेट लेक्स सरोवरांच्या आसपासच्या ज्या पट्ट्याला ‘रस्ट बेल्ट’ म्हणतात, तेथील जनगणनेचे आकडे मात्र या क्रमाशी जुळत नाहीत. मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० साली सुमारे साडेअठरा लाख होती आणि १९६० साली ती १६ लाख ७० हजारांवर आली. त्याच दशकातले १९५५ हे वर्ष मात्र अमेरिकी मोटार उद्योगासाठी विक्रमी विक्रीचे ठरले होते. ओहायो राज्यातील क्लीव्हलँडची लोकसंख्याही १९५० नंतरच घटू लागली, आणि त्या राज्यातील पोलाद कारखान्यांना टाळे लागण्यास तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ बाकी होता. उद्योग भरात असतानाच कुटुंबे बाहेर पडू लागली होती. ती का आणि कशी बाहेर पडू शकली, हे समजण्यासाठी कारखान्याच्या आधी गृहकर्जाकडे पाहावे लागते.

महामंदीपूर्वी घर घेणाऱ्याला किमतीचा मोठा हिस्सा, पुष्कळदा निम्मा, आधीच भरावा लागे आणि उरलेले कर्ज थोड्याच वर्षांत फेडावे लागे. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने बँकांनी दिलेल्या गृहकर्जांना सरकारी विम्याचे संरक्षण दिले, त्यामुळे थोडी रक्कम आधी भरून वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर घर मिळू लागले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने ही वाट आणखी सोपी केली. या विम्याचा कल नव्या, स्वतंत्र, अंगण असलेल्या घरांकडे होता, आणि अशी घरे बांधण्याइतकी मोकळी जमीन शहराच्या हद्दीबाहेरच उरली होती. धुरकट वस्तीतील जुन्या घराचे भाडे आणि उपनगरातील नव्या घराचा हप्ता यांत फारसा फरक उरला नाही, तेव्हा लहान मुलांच्या आईवडिलांनी काय निवडले असेल हे सांगायला नको.

ही निवड सर्वांना खुली नव्हती, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कर्जाची जोखीम ठरवताना कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सरसकट धोक्याच्या मानल्या जात. सरकारी गृहकर्ज महामंडळाच्या नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगाने दाखवलेल्या होत्या. डेट्रॉईटच्या उत्तर सीमेवरील एट माइल रस्त्याजवळ १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाने सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत उभारली. शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीपासून आपली नियोजित गोरी वसाहत वेगळी दिसावी आणि तिला सरकारी कर्जविमा मिळावा, हा तिचा उद्देश होता. ती भिंत आजही उभी आहे. त्यामुळे लोक आपापल्या आवडीने उपनगरांत गेले, हे विधान अर्धेच खरे ठरते. कोणाच्या आवडीला सरकारी पाठबळ मिळेल, हे आधीच ठरले होते.

दरम्यान कारखानेही हलू लागले होते. जुने कारखाने अनेक मजली होते, तर जुळणीच्या नव्या पद्धतीला एकाच पातळीवरची विस्तीर्ण जागा हवी होती. १९४७ ते १९५८ या काळात तीन बड्या मोटार कंपन्यांनी डेट्रॉईट परिसरात जे पंचवीस नवे कारखाने उभारले, ते सगळे उपनगरांत होते. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१ हजार मैलांच्या जाळ्याचा नव्वद टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला आणि दूर राहून शहरात कामाला येणे सोयीचे झाले. हे रस्ते शहरातून काढताना डेट्रॉईटमधील हेस्टिंग्ज स्ट्रीटसारखी कृष्णवर्णीयांची नांदती बाजारपेठ पुसली गेली.

पुढे शाळा हे घर सोडण्याचे ठळक कारण बनले. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे घराचा पत्ता बदलला की मुलाची शाळा आणि तिची ऐपतही बदलते. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉईटमधील दंगलीत ४३ जण मृत्युमुखी पडले आणि आधीच सुरू असलेल्या स्थलांतराला वेग आला. त्यानंतर १९७४ साली ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ या डेट्रॉईटच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, शहरातील शाळांमधील वर्णभेद दूर करण्याच्या योजनेत उपनगरांतील शाळांना सक्तीने ओढता येणार नाही. शहराची हद्द ओलांडणाऱ्या कुटुंबाला या निकालाने एक प्रकारची हमीच दिली.

मोठी कारखानेबंदी यानंतरची आहे. ओहायोतील यंग्सटाऊनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ रोजी कॅम्पबेल पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. तेथील लोक त्या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. आता निघालेली कुटुंबे जवळच्या उपनगरात न थांबता दक्षिणेकडील राज्यांत किंवा दूरच्या लहान गावांत गेली. १९७० च्या दशकात महानगरांबाहेरच्या भागांची लोकसंख्या महानगरांपेक्षा वेगाने वाढली.

मागे राहिलेल्यांवर भार वाढत गेला, कारण अठरा लाखांसाठी टाकलेल्या जलवाहिन्या, रस्ते आणि दिवे लोकसंख्येबरोबर आकसत नाहीत. तोच खर्च कमी घरांवर वाटला जातो, कर वाढतो, सेवा खालावते आणि आणखी कुटुंबे निघतात. २००० ते २०१० या दहा वर्षांत डेट्रॉईटने सुमारे २ लाख ३७ हजार रहिवासी गमावले. या वेळी जाणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे होती, आणि त्यांतील अनेकांनी एट माइल रस्त्यापलीकडच्या साउथफील्डसारख्या उपनगरांत घर केले. चांगली शाळा, सुरक्षित रस्ता आणि वेळेवर येणारी रुग्णवाहिका ही त्यांची कारणे १९५० मध्ये निघालेल्यांच्या कारणांहून फार वेगळी नव्हती, फक्त वाट खुली होण्यास अर्धे शतक लागले. २०१३ च्या जुलैमध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तेथील सुमारे चाळीस टक्के पथदिवे बंद होते.