बंदूक कोणाच्या हाती नको? शस्त्र परवान्याच्या कायद्याची पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर-चोपड्याकडच्या काही शेतकरी घरांत अजून ठासणीची बंदूक आढळते. रानडुकरांपासून पीक राखायला आजोबांनी परवाना काढलेला असतो. आज तसा परवाना मागायला गेलं तर अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागतो: माणूस शरीराने आणि मनाने ठीक आहे, नशेच्या आहारी गेलेला नाही. ही अट २०१६ च्या शस्त्र नियमांतली. इतकी साधी गोष्ट विचारायला सरकारला एवढा काळ का लागला, हे कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला, पण डोंगरातले भिल्ल त्यांना बधेनात. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांची धास्ती वाटत होती, त्यांच्यातल्याच काहींना सरकारी बंदुका देऊन बाकीच्यांवर वचक बसवायचा, असा तो हिशेब. सेंधवा घाटाच्या राखणीचं काम केलेला भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक १८५७ मध्ये सरकारविरुद्ध उठला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. त्याच धामधुमीत इंग्रजांनी हत्यारांवर निर्बंध घालणारे कायदे आणायला सुरुवात केली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा कायदा त्यात सर्वात कडक. भारतीय माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही, युरोपियनांना मात्र सूट. त्या कायद्यात परवाना रद्द करण्याचं कलम होतं, आणि त्यात अधिकाऱ्याच्या हाती दिलेलं मुख्य कारण होतं सार्वजनिक शांततेची सुरक्षितता. धोकादायक म्हणजे राज्याला धोकादायक, एवढाच त्याचा अर्थ. घरात, भावकीत, स्वतःच्या जिवाला धोका असलेला माणूस त्या चौकटीत कुठे बसतच नव्हता.

म्हणूनच शस्त्रबंदी हा स्वातंत्र्य चळवळीत मानाचा प्रश्न झाला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे १९३६ मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन आपल्या फैजपूरलाच भरलं. शस्त्र हा हक्क मानणारी हीच पिढी नंतर सत्तेवर आली. तिने हत्यारं मोकळी केली नाहीत, पण नकाराची कारणं बदलली.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. मला त्यातली कलम १४ आणि १७ सर्वात महत्त्वाची वाटतात. अर्जदार मनोविकल (मन ठिकाणावर नसलेला) असेल किंवा अन्य कारणाने अपात्र असेल, तर परवाना नाकारायचा. परवाना दिल्यानंतर तशी खात्री पटली, तर तो निलंबित किंवा रद्द करायचा. कारणं लेखी नोंदवायची. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून मात्र कोणाला नाकारता येत नाही, आणि ही तरतूद मला फार मोलाची वाटते. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवर, चांगल्या वर्तणुकीचा बाँड द्यावा लागलेल्यांवर कलम ९ मध्ये बंदी आहे. सार्वजनिक शांततेचं जुनं कारणही राहिलंच. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत पाच वर्षं केली.

अडचण 'मनोविकल' या शब्दात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की कोणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवायचं. हे योग्यच आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कोणावर हात उगारत नाहीत. त्यांच्या कपाळी 'धोकादायक' असा शिक्का बसला तर माणसं डॉक्टरकडे जायचीच थांबतील. पण मग एखाद्याचं मन बिघडतं, त्या चार महिन्यांचं काय करायचं? अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने १९९९ मध्ये यावर एक वाट काढली. तिथे आजाराच्या नावावर नाही, तर त्या वेळच्या धोक्यावर न्यायालय बंदुका ताब्यात घ्यायला सांगू शकतं. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १७ चा अधिकार आहे, पण घरच्यांनी नेमकं कुठे जायचं, किती दिवसांत निर्णय होणार, याची वेगळी सोय कायद्यात नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती बसते आणि ठरलेल्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. म्हणजे यंत्रणेला हे काम येतं.

(सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावाकडून येणारा गावठी कट्टा हा वेगळाच विषय. त्याला ना परवाना, ना दाखला.)

आमच्या नात्यात एका वर्षी गारपिटीने केळी झोपली. बाग उभी करायला काढलेलं कर्ज अंगावर, आणि आप्पा बोलायचेच बंद झाले. जेवायला बसायचे, ताटातली भाकरी तशीच ठेवून उठायचे. त्यांना कोणी वेडं म्हटलं नसतं, कोणत्याही डॉक्टरने दाखला दिला असता. काकूने एका रात्री बंदुकीची दारू आणि छर्ऱ्यांची पिशवी कणगीत, ज्वारीच्या खाली खोल पुरली आणि रिकामी बंदूक दाराआड होती तशीच ठेवली. पेरणीपर्यंत, दळण काढताना ती रोज हात घालून पिशवी जागेवर आहे ना, ते चाचपून बघायची.